बांबू कोवळा नव्हता

रोह्याहून परत आले त्या सोमवारी शिक्षकखोलीत सगळ्यांनी विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी म्हणाले, "छान." पुढे कोणी काही विचारलं नाही, आणि मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याचीच मग लाज वाटली. म्हणून जे घडलं ते सलग लिहून काढते आहे.

मी साताऱ्यात शाळेवर कार्यानुभव शिकवते. लाकूडकाम, वेतकाम, कागदकाम. माझी मुलगी डॉक्टरकीसाठी चीनमध्ये होती. तिच्या पदवीदानाला गेले तेव्हा कळलं, की तिच्या कॉलेजपासून दोन तासांवरच्या एका गावात एक म्हातारे कारागीर बांबूची धनुष्यं करतात. बघायला म्हणून गेले आणि आठ दिवस राहिले. मुलगी दुभाषी. त्या कारागिरांना सगळे शिफू म्हणत, म्हणजे उस्ताद. ते कडाक्याच्या थंडीत तोडलेला बांबू घेत, चिरून वर्षभर सावलीत ठेवत आणि कोळशाच्या शेगडीवर धरून हळूहळू वाकवत. बांबूची सगळी ताकद त्याच्या पाठीच्या सालीत असते, म्हणून ती साल कधी तासत नसत. ती बाजू धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला यायची. आतल्या अंगाला म्हशीच्या शिंगाची पट्टी. आणि दोन्ही चिकटवायला सरस, तोसुद्धा माशाच्या पोटातल्या पिशवीचा. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा हात द्यायचा. महिनोन्‌महिने.

साताऱ्याला येऊन मी तीन धनुष्यं केली. सरस बाजारातला वापरला, त्यामुळे दोन उकलली. तिसरं टिकलं. त्या एका टिकलेल्या धनुष्याने माझ्या डोक्यात हवा गेली. शाळेच्या प्रदर्शनात ते मांडलं, लोक 'चीनचं धनुष्य करणाऱ्या बाई' म्हणून ओळखायला लागले, आणि मला ते आवडायला लागलं.

चौथ्यासाठी साहित्य अस्सल हवं होतं. माझा जुना विद्यार्थी नितीन रोह्याजवळ धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत नोकरीला आहे. तो फोनवर म्हणाला, "बाई, इकडं या. आमच्याजवळच्या आदिवासी वाडीवर एक बाबा धनुष्य करतात, बांबू त्यांच्याकडं बघा. माशाची पिशवी पेणच्या खाडीवर मिळंल." नाताळच्या सुट्टीत मी निघाले.

वरसे आणि वाडी

नितीनचं घर रोह्याशेजारच्या वरशात, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. वारा फिरला की धाटावच्या कारखान्यांचा वास आत येतो. मी पदर नाकाला लावला तर त्याची बायको प्राची हसली. "आम्हाला आता येतच नाय, बाई." तिने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापताना असा पांढरा रंग आणि असा मऊपणा कधी जमायचा नाही. मी दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.

नितीनची पहिली शिफ्ट सुटल्यावर त्याच्या मोटरसायकलवरून आम्ही वाडीवर गेलो. डोंगराच्या पायथ्याशी पंधरावीस घरं. कुडाच्या भिंती, काहींना नवे पत्रे. लखमाबाबा अंगणात बसून बांबूच्या बेळांची, म्हणजे चिरलेल्या पट्ट्यांची, टोपली वळत होते. वय सत्तरीच्या पुढे. उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूची पांढरी साय.

"ह्या आमच्या बाई," नितीन म्हणाला, "चीनमधून धनुष्य शिकून आल्यात."

"चीनला पन बांबू हाय?" बाबांनी विचारलं.

मी म्हणाले, "आपल्यापेक्षा जास्त."

"मंग वानरं पन असतील," ते म्हणाले, आणि त्यांची बायको जानीबाय आतून मोठ्याने हसली.

बाबांची धनुष्यं आंब्याच्या बागांत जातात. वानरं हाकायला. बाणाऐवजी मातीची वाळवलेली गोळी मारायची, म्हणून दोरी दुहेरी आणि मधे गोळी बसेल एवढी छोटी झोळी. वर्षाला पाचसहा धनुष्यं, त्याहून जास्त नाहीत. त्यांनी मला घरामागचं बांबूचं बेट दाखवलं. कोयत्याच्या पाठीने एकेक बांबू ठोकत ते आवाज ऐकत होते. "तीन पावसालं खाल्लेला पायजे. आवाज अर्धा सांगतो. अर्धा रंग बगाया लागतो, साल भुरी झाली का नाय ती." मग म्हणाले, "रंग आता दिसत नाय नीट. हात फिरवून बगतो."

अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, तोही थंडीत, नाहीतर कीड लागते. शिफूंनीही थंडीच सांगितली होती. दोन देश, दोन म्हातारे, आणि एकच गोष्ट! मी हरखून गेले. घराच्या आढ्याखाली, चुलीच्या धुरात, सात बांबू आडवे टांगलेले होते. दोन वर्षांपूर्वीचे, एकाच दिवशी एकाच बेटातून तोडलेले. "ह्यातलाच आठवा त्यो," बाबांनी भिंतीवरच्या धनुष्याकडे बोट दाखवलं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

मी माझं धनुष्य पिशवीतून काढलं. बाबांनी ते मांडीवर घेऊन खूप वेळ बोटं फिरवली. शिंगाची पट्टी कुठे संपते, गाठी कशा बुजवल्या आहेत, सगळं हातांनी वाचलं. "लय मेहनत हाय," एवढंच म्हणाले. मला आणखी ऐकायचं होतं.

उद्या बांबू निवडू, असं ठरवून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

नितीन कामावर गेला होता. मी एकटीच रिक्षाने वाडीच्या फाट्यापर्यंत गेले, पुढे चालत. बाबा घरी नव्हते, बागेवर गेले होते. जानीबायने बसायला पोतं टाकलं. मी भिंतीवरच्या धनुष्याकडे बघत होते, ते तिच्या लक्षात आलं. तिने ते खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलं.

"घे गो, बग. पर खेचू नको, म्हातारा घरात नाय." आणि हंडा उचलून ती हापशावर गेली.

धनुष्याची दोरी उतरवलेली होती. मी ती चढवली. तेवढ्याने थांबायला हवं होतं. मग वाटलं, ताण किती आहे ते तरी बघू. पिशवीत माझी अंगठ्यात घालायची शिंगाची कडी होती. चीनमध्ये दोरी बोटांनी नव्हे, अंगठ्याने ओढतात, आणि थेट कानापर्यंत. मी छातीपर्यंत ओढली. इतकी सहज आली की मला गंमत वाटली. शिफूंनी आठ दिवसांत एक गोष्ट रोज सांगितली होती: दुसऱ्याचं धनुष्य किती ओढायचं, हे ते ज्याने केलं त्याला विचारायचं. मी हेच वाक्य शाळेत मुलांना दरवर्षी सांगते.

मी दोरी कानापर्यंत नेली.

ताडकन आवाज झाला आणि गालावर काहीतरी सपकन लागलं. धनुष्य मुठीच्या वरच्या बाजूला मोडलं होतं. चिंध्या झालेले लांब धागे लोंबत होते. मी दोरी सोडवली, कडी पिशवीत टाकली, दोन्ही तुकडे पोत्यावर जवळ जवळ ठेवले, जसे काही ते जुळणारच होते.

जानीबाय परत आली. तिने आधी माझा गाल पाहिला. हंडा खाली ठेवून आत धावली, हळद आणून जखमेवर दाबली. "आदी रगत थांबू दे." मग तिची नजर पोत्यावर गेली.

"खेचलास काय गो?"

"नाही," मी म्हणाले. "दोरी चढवून बघत होते. तेवढ्यातच गेलं."

ती खाली बसली. "म्हातारा मला बोलंल. मीच काडून दिला."

बाबा आले तेव्हा ती तुकड्यांपाशीच बसून होती. मीच बोलले. माझा आवाज शाळेत सांगतानाचा, समजावणीचा झाला होता, तो मला आजही कानात ऐकू येतो. मी म्हणाले, "बाबा, ह्यात जानीबायची काही चूक नाही. बांबू कोवळा होता. कोवळ्या बांबूचे धागे भरलेले नसतात, वरून कळत नाही. चीनमध्येही असं होतं."

त्या क्षणी मी मनाशी असंही म्हटलं, की मी जानीबायला वाचवते आहे.

बाबांनी तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. "कवला?"

"हो."

"तुमी शिकलेल्या. तुमाला कलतं." ते उठले, आढ्याखालच्या सात बांबूंकडे मान वर करून बघत राहिले. "मंग ते पन कवलंच. एका दिवसाचं हायत." आणि जानीबायकडे वळून, अगदी हळू म्हणाले, "डोलं गेलं माजं."

बांबू निवडायचं राहूनच गेलं. मी त्यांना नमस्कार करून निघाले.

त्या संध्याकाळी नितीनच्या मित्रांनी शेतात माझ्यासाठी पोपटी लावली होती. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन; मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. मडकं फोडल्यासारखं उघडलं की पाल्याचा जो वास येतो तसा वास साताऱ्यात कशालाच नाही. आमची हुरडा पार्टी याची थोरली बहीण म्हणता येईल, पण धाकटी जास्त देखणी. नितीनने सगळ्यांना माझी ओळख करून दिली, "आमच्या बाईंएवढं बांबूतलं कोणाला कळत नाय." कोणीतरी गालाला काय झालं विचारलं. "कुसळ लागलं बांबूचं," मी म्हणाले. शेंगा सोलत राहिले. खाल्ल्या दोनच.

पेणच्या खाडीवर

दुसऱ्या दिवशी मी पेणला गेले. खरं तर पळालेच. वाटेत गडब गावाच्या आसपास रस्त्याचं काम चालू होतं, एसटी रेंगाळली, आणि खिडकीतून कापलेल्या भाताची खाचरं बघताना मी मनात सारखी तीच वाक्यं जुळवत होते: धनुष्य जुनं होतं, कधीतरी मोडणारच होतं, उद्या माझ्याकडून त्यांना एक नवीन पाठवू.

पेणहून पुढे खाडीकाठच्या गावात हिराबाय भेटली. मासळी सुकवून विकणारी, माझ्याच वयाची, आवाज माझ्या दुप्पट. घोळ माशाची पिशवी परदेशी जाते, ती तिच्याकडे नव्हती, शिंगाळा माशाच्या होत्या. तिकडे या पिशवीला भोत म्हणतात. दोरीवर पिवळट पारदर्शक भोतं वाळत होती. मी त्यातली मोठी मोठी निवडायला लागले तर तिने माझा हात धरला.

"ती नको घेव. ती पावसाची हाय, कुजकी. वरनं चांगली दिसतं."

"मला कुठे कळलं असतं?" मी म्हणाले.

"तुला नाय, मना त कलतं ना!" ती म्हणाली, आणि ती चार भोतं दोरीवरून ओढून मांजरापुढे टाकली.

सरस कसा करतात ते मी तिच्या चुलीवर करून दाखवलं. भोत भिजवायचं, बारीक चिरायचं, आणि पाणी उकळू न देता तासन्‌तास कोमट ठेवायचं. पाणी उकळलं तर सरसाची पकड जाते. बोलता बोलता माझ्याकडून ते उकळलंच. घरभर असा दर्प सुटला की खाडीकाठी जन्मलेल्या हिराबायनेही नाकाला पदर लावला. सगळं ओतून द्यावं लागलं. "चीनची मानसां ह्या वासात जगतान?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. दोन दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

तेवढ्यात नितीनचा फोन आला.

"बाई, लखमाबाबा फाट्यावर भेटले. म्हणाले, त्या सात बांबूंतला एखादा तरी पक्का हाय का, ते बाईंना येऊन सांगता येईल का? त्यांचा आता स्वतःवर भरवसा नाय म्हणतात. बागवाल्यांना पण सांगून आले, यंदापासून धनुष्य करनार नाय म्हणून."

मी म्हणाले, "परवा येते."

उद्या का नाही, याला काही कारण नव्हतं. त्या दिवशी मी पेणच्या लॉजवर राहिले, दुसऱ्या दिवशी पोहे-पापडांची खरेदी केली, मिठागरांच्या बांधावरून फिरले. ऊन, पांढरे ढीग, पाण्यात पाय बुडवून मीठ ओढणारी माणसं. नेहमी असं काही पाहिलं की मी वहीत टिपणं काढते. त्या दिवसाच्या पानावर काहीच नाही.

पुन्हा वाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर पोचले तर अंगणाच्या कडेला, वालाच्या वेलांभोवती, नवं कुंपण होतं. चिरलेल्या बांबूचं. मी जवळ जाऊन बघितलं. चिरलेल्या कडेला गडद ठिपक्यांसारखी धाग्यांची टोकं दाट दिसत होती, सालीजवळ तर सुई शिरणार नाही इतकी. नखाने दाबलं तर खूणही उमटली नाही. माझ्या साताऱ्याच्या तिन्ही धनुष्यांत असा बांबू मी वापरला नव्हता.

"बकऱ्या वाल खात व्हत्या," मागून बाबांचा आवाज आला. "काल चार चिरलं. म्हटलं कवलं तर कवलं, कुंपनाला चालतील. तीन ठेवलं तुमच्यासाटी. बगा."

मी एक दिवस आधी आले असते तर सातही आढ्याला असते.

"बाबा," मी म्हणाले, "हे बघायची गरज नाही. सगळे पक्के आहेत. तुमचं धनुष्यही पक्कं होतं. मी ते कानापर्यंत ओढलं म्हणून मोडलं. बांबू कोवळा होता असं मी खोटं सांगितलं."

बाबा आत गेले. दोन तुकडे त्यांनी टाकून दिले नव्हते. ते घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोर बसले.

"कुटपोत खेचलास? दाकव."

मी रिकाम्या हातांनी करून दाखवलं. उजवा अंगठा कानाशी.

"हा छातीपोतचा हाय," ते म्हणाले. "बाबानं माज्या तसंच शिकवलं. तुमचा चीनचा कानापोतचा आसंल."

"हो."

"मंग विचारायचा ना."

जानीबाय दारात उभी होती. "मी तुला हलद लावली," ती म्हणाली. "तुज्या गालाला हलद लावत व्हते, आनि तू नाय म्हनलीस." आवाज चढला नव्हता. "तीन रोज म्हातारा भाकर खात नाय नीट. हात डोल्यापुढं धरून बगत बसतो."

मी माझं धनुष्य पिशवीतून काढलं, तीन वर्षांच्या कष्टाचं, आणि बाबांपुढे ठेवलं. "हे तुम्ही ठेवा."

त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. "मी काय करू ह्याचा? वानर येवढं लांब नाय बसत." मग म्हणाले, "चल. बागेत चल."

अर्धा तास चाललो. ते पुढे, मी मागे. एकाच डोळ्याने बघत ते इतके भराभर चालत होते, की मला त्यांना गाठणं जमत नव्हतं. बागेचे मालक पंपाशी उभे होते, पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. बाबा त्यांना म्हणाले, "मी परवा तुमाला बोललो ना, डोलं गेलं म्हनून? ही बाय काय सांगते ती ऐका." आणि बाजूला झाले.

मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. अनोळखी माणसासमोर, पंपाच्या आवाजाच्या वर ओरडून. "मी ओढून मोडलं. खोटं बोलले. बाबांचा बांबू पक्का होता." पंप थांबलेला नसल्याने "काय?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोनदा मी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. मोहोरावर फवारणी करणारे दोन गडी काम थांबवून ऐकत होते.

मालक हसले. "अहो मॅडम, एवढंच ना? आम्हाला वाटलं काय झालं."

बाबा हसले नाहीत. "तीन बांबू हायत," ते त्यांना म्हणाले. "एक तुमचा. मोहोर गलायच्या आदी देतो."

"द्या की," मालक म्हणाले. "मी तर काल जानारच होतो दुसरीकडं."

परत वाडीवर आल्यावर बाबांनी तिन्ही बांबू खाली काढले. ठोकून, हात फिरवून, एक वेगळा ठेवला आणि कोयत्याने गाठी उतरवायला बसले. मी समोर बसून राहिले. शिफूंच्या घरी अशा वेळी ते दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात सुरी द्यायचे. बाबांनी कोयता दिला नाही, मी मागितला नाही. मी बांबू घेऊन जावा असं ते एकदा म्हणाले. मी नको म्हणाले. उरलेल्या दोनांतला एक घ्यायची माझी काय लायकी होती?

त्यांनी बांबूची पाठ तासली नाही. जाळावर धरून वाकवताना ते डोळे मिटून घेत होते, सगळं तळहातांना कळत होतं. एकदाही चुकलं नाही.

दुपार उतरली तसा नितीन मला न्यायला आला. त्याला मी फाट्यापर्यंतच्या वाटेवर सगळं सांगितलं, पण ते नंतर. आधी अंगणातच मी जानीबायकडे गेले. ती कुंपणाशी बकरी बांधत होती.

"येते, जानीबाय."

तिने गाठ मारली, ओढून बघितली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत नितीनला म्हणाली, "तुज्या बायकोला सांग, शेंगा धरल्यात. येऊन घेऊन जा म्हनावं."

"सांगतो," नितीन म्हणाला.

ती हंडा घेऊन हापशाकडे चालायला लागली.